शिल्लक ४,२९,४९,६७,२९५ नग: ही संख्या आहे तरी काय?

ताळेबंद

मी गोदामातल्या मालाच्या नोंदी ठेवते. परवा संध्याकाळी एका वस्तूपुढे पडद्यावर शिल्लक आली ४,२९,४९,६७,२९५ नग. वस्तू म्हणजे दाराच्या बिजागऱ्या. मांडणीवर जाऊन पाहिलं तर एकही नव्हती. चूक माझीच. शिल्लक शून्य असताना माझ्या हातून एक नग जास्त खर्ची पडला होता. शेजारचा म्हणाला, "मशीन बिघडलंय, बंद करून चालू कर." केलं. पण त्याआधी आकडा कागदावर उतरवून घेतला.

कारण मला एक खोड आहे. समोर संख्या आली की तिचे अवयव पाडल्याशिवाय राहवत नाही. पावतीचा क्रमांक असो की गाडीचा, कॅल्क्युलेटर न घेता, कागदावर. एवढी मोठी संख्या मात्र कधी हाताळली नव्हती.

अंकांची बेरीज ५७, म्हणजे ३ नं भाग जातो, ९ नं नाही. शेवटी ५ आहेच. १५ नं भागून २८,६३,३१,१५३ उरले. ७, ११, १३ यांनी दाद दिली नाही. १७ नं दिली आणि उरले १,६८,४३,००९. मग जो दुष्काळ पडला! १९ पासून २५१ पर्यंत सत्तेचाळीस मूळ संख्या, सत्तेचाळीस भागाकार, दर वेळी बाकी. सोडूनच देणार होते, पण एक शेवटचा म्हणून २५७ नं भागलं आणि निःशेष! भागाकार ६५,५३७. त्याचं वर्गमूळ २५६ च्या केसभर वर, आणि २५१ पर्यंतच्या सगळ्यांनी आधीच नकार दिलेला. म्हणजे ६५,५३७ मूळ आहे हे फुकटात कळलं.

थोडक्यात, माझ्या नसलेल्या बिजागऱ्या = ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७.

आता इकडे बघा. प्रत्येक अवयवातून १ काढला की २, ४, १६, २५६, ६५,५३६. प्रत्येक संख्या आधीच्या संख्येचा वर्ग! चुकून उगवलेल्या आकड्यात एवढी शिस्त कुठून आली, हा माझा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न असा. ६५,५३६ चा वर्ग ४,२९,४९,६७,२९६. त्यात १ मिळवला की ४,२९,४९,६७,२९७, म्हणजे माझ्या आकड्याहून दोननं जास्त. माळेतला हा पुढचा मणी, तोही मूळ असणार असं मला वाटतं. पहिल्या शंभर मूळ संख्यांनी, म्हणजे ५४१ पर्यंत, भागून पाहिलं. एकानंही भाग गेला नाही. पुरतं तपासायचं तर ६५,५३६ पर्यंत जावं लागेल आणि तिथवर साडेसहा हजार मूळ संख्या आहेत. माझ्याकडे तेवढ्या वह्या नाहीत. कुणाला खात्रीनं माहीत आहे का?

---

शून्याखाली

बिजागऱ्यांचं उत्तर सोपं आहे, ते आधी देतो.

जुन्या गाडीचा पाच आकड्यांचा मीटर आठवा. ००००० वर असताना एक घर उलटा फिरवला तर ९९९९९ दिसतं. तुमच्या प्रोग्रामनं शिल्लक ३२ बिटांच्या, म्हणजे ० किंवा १ असे ३२ अंक मावणाऱ्या, घरात ठेवली आहे आणि त्या घराला ऋण संख्या माहीतच नाहीत. शून्यातून एक वजा झाला, मीटर उलटा फिरला. फरक एवढाच की मशीनचे अंक दोनच, ० आणि १. त्यामुळे बत्तीस नवांऐवजी बत्तीस एक आले. सलग बत्तीस वेळा १ म्हणजे २^३२ (२ चा बत्तिसावा घात) − १, म्हणजे तुमचा आकडा.

म्हणून तो "चुकून" आलेला नाही. त्या घरात मावणारी ती सगळ्यात मोठी संख्या आहे. सॉफ्टवेअरवाल्याला सांगा की शून्याखाली जाताना अडवत जा. बाकीचं गणित इथल्या जाणकारांवर सोडतो.

---

बाकीशून्य

ताळेबंद ताई, आधी पहिला प्रश्न. शाळेतलं सूत्र आहे: अ² − १ = (अ + १)(अ − १). २^३२ हा २^१६ चा वर्ग. म्हणून

२^३२ − १ = ६५,५३७ × ६५,५३५

६५,५३५ म्हणजे २^१६ − १. पुन्हा तेच सूत्र: २५७ × २५५. मग २५५ = १७ × १५. मग १५ = ५ × ३. कांद्याचे पापुद्रे निघावेत तसं प्रत्येक वेळी एक "वर्ग अधिक एक" सुटून बाहेर येतो. ३२ हा स्वतः २ चा घात असल्यामुळे हे शेवटपर्यंत चालतं. तुम्ही सत्तेचाळीस भागाकार केलेत ते या दोन ओळींत होते. (वाईट वाटून घेऊ नका. भागाकार केले नसते तर त्या वर्गांच्या माळेकडे लक्ष गेलं नसतं.)

यात आणखी एक गोष्ट दडली आहे. तुमच्या आकड्यापेक्षा दोननं मोठी ती पुढची संख्या, बरोबर? म्हणजे माळेतल्या आधीच्या सगळ्यांचा गुणाकार अधिक २ केला की पुढची संख्या मिळते. ३ + २ = ५. ३ × ५ + २ = १७. ३ × ५ × १७ + २ = २५७. आता या माळेतल्या कोणत्याही दोन संख्यांना एखादा सामाईक अवयव असता, तर त्यानं २ ला भागलं असतं. पण सगळ्या विषम आहेत. म्हणून दोघींत सामाईक काही नाही. गोल्डबाख या गणितज्ञानं हे ऑयलर या दुसऱ्या गणितज्ञाला १७३० सालच्या पत्रात लिहिलं होतं. माळ अनंत आहे, प्रत्येक संख्येला नवेच मूळ अवयव, म्हणजे मूळ संख्याही अनंत!

आता दुसरा प्रश्न. तुमचा अंदाज चुकला, पण फार मोठ्या माणसाच्या पंगतीत बसून चुकला. या संख्यांना फर्मा या गणितज्ञाच्या नावावरून फर्मा संख्या म्हणतात. १६४० च्या सुमारास फर्मानं पत्रांतून लिहिलं की या सगळ्याच मूळ असाव्यात. सिद्धता त्याच्याकडे नव्हती. १७२९ साली गोल्डबाखनं याबद्दल ऑयलरला विचारलं आणि १७३२ साली ऑयलरनं दाखवून दिलं:

४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × ६७,००,४१७

तुम्ही शंभराव्या मूळ संख्येवर थांबलात. ६४१ ही एकशेसोळावी आहे.

---

ताळेबंद

सोळा भागाकार! रात्री साडेअकराला वही मिटली होती मी. अर्धा तास अजून बसले असते तर...

६४१ नं भागून पाहिलं, बरोबर येतं. पण माझं समाधान होत नाही. ऑयलर काय माझ्यासारखा ३, ५, ७ करत एकशेसोळा वेळा भागत बसला होता?

---

गंमतजंमत

माझ्या मते तुमचा पहिला आकडा (२९५ वाला) परिपूर्ण संख्या असणार, म्हणजे स्वतःला सोडून बाकी विभाजकांची बेरीज स्वतःएवढीच. परिपूर्ण संख्यांमध्येही २^न − १ येतं. विभाजकांची बेरीज करून बघा.

---

ताळेबंद

@गंमतजंमत, केली. पाचही अवयव वेगवेगळे, म्हणून प्रत्येकात १ मिळवून गुणाकार: ४ × ६ × १८ × २५८ × ६५,५३८ = ७,३०,४६,०३,३२८. त्यातून संख्या स्वतः वजा केली की ३,००,९६,३६,०३३ राहतात. परिपूर्ण व्हायला पुन्हा २९५ वालाच आकडा यायला हवा होता. सव्वाशे कोटींहून जास्त कमी पडले. एवढी तूट आमच्या गोदामातही कधी आली नाही.

---

बाकीशून्य

@गंमतजंमत, परिपूर्ण संख्येत २^न − १ हा भाग स्वतः मूळ असावा लागतो आणि त्याला २ च्या घातानं गुणावं लागतं, जसं ७ × ४ = २८. इथे तर पाच तुकडे झालेत.

ताई, ऑयलर एकशेसोळा वेळा बसला नाही. ही युक्ती नीट वाचा, तुमच्या कामाची आहे.

समजा प ही मूळ संख्या आपल्या २^३२ + १ ला भागते. आता २ चे घात घेत जा, २, ४, ८, १६, ३२..., आणि प्रत्येकाला प नं भागून फक्त बाकी लिहा. बत्तिसाव्या घराला बाकी −१ येते, कारण त्यात १ मिळवला की निःशेष भाग जातो. म्हणजे चौसष्टाव्या घराला बाकी (−१)² = १. बाकी १ आली की चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू. ते चक्र चौसष्टच्या आधी पुरं झालं असेल का? पुरं व्हायचं तर ३२ किंवा ३२ ला भागणाऱ्या घरांत व्हावं लागेल. पण मग बत्तिसाव्या घरात १ दिसला असता, −१ नाही. म्हणून चक्राची लांबी नेमकी ६४.

इथे फर्माचंच छोटं प्रमेय लावा: (प − १) व्या घराला बाकी नेहमी १ येते. म्हणजे प − १ मध्ये चौसष्टची चक्रं पूर्ण बसली पाहिजेत. म्हणून प = ६४ × क + १. दुसऱ्या कोणत्याही मूळ संख्येची गाठ पडणं शक्यच नाही!

आता यादी करा: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यातल्या मूळ फक्त १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकाराला उत्तर. त्यातले पहिले तीन तुम्ही आधीच करून बसला होतात. सोळा नव्हे, फक्त दोनच भागाकार राहिले होते.

मला यात नेहमी खुपतं ते असं की ते छोटं प्रमेय फर्मानं त्याच १६४० साली लिहिलं होतं. हत्यार त्याच्याच पेटीत होतं. पाच भागाकार केले असते तर स्वतःचा अंदाज स्वतःच मोडला असता.

आणि ६४१ ला भागाकार न करताही पकडता येतं. ६४१ = ५ × १२८ + १, आणि ६४१ = ६२५ + १६ सुद्धा, म्हणजे ५^४ + २^४. पहिल्यावरून ५ × २^७ ची बाकी −१. त्याचा चौथा घात घ्या: ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्यावरून ५^४ च्या जागी −२^४ ठेवा: −२^३२ ची बाकी १. म्हणजे २^३२ + १ ची बाकी शून्य. संपलं. दहा अंकी संख्या कुठे लिहावीसुद्धा लागली नाही.

---

सहज

झेरा कोलबर्न नावाचा एक अमेरिकन मुलगा होता, जन्म १८०४. आठ वर्षांचा असताना लंडनमध्ये त्याचे तोंडी गणिताचे प्रयोग होत. त्याला हीच संख्या घातली तेव्हा त्यानं मनातल्या मनात ६४१ सांगितल्याचं त्या काळच्या वृत्तांतांत आहे. कसं काढलं ते त्याला सांगता आलं नाही म्हणे. ताई, तुम्ही निदान वही तरी दाखवू शकता.

---

कंपासपेटी

अवयवांची चर्चा चालली आहे, पण २९५ वाल्या आकड्याचं खरं वैभव भूमितीत आहे, ते कुणी बोललंच नाही.

फक्त कंपास आणि खुणा नसलेली पट्टी घेऊन सगळ्या बाजू नि सगळे कोन सारखे असलेली आकृती काढायची. त्रिकोण, पंचकोन येतात. सात बाजूंची येत नाही, नऊचीही नाही. १७९६ साली गाऊसनं, वय वर्षं अठरा, सतरा बाजूंची काढता येते हे दाखवलं. दोन हजार वर्षांत त्या यादीत नवं नाव चढलं नव्हतं. पुढे नियम ठरला: बाजूंची संख्या विषम असेल तर ती वेगवेगळ्या मूळ फर्मा संख्यांचा गुणाकार असली पाहिजे. काढता येतात ही बाजू गाऊसची, इतर येत नाहीत याची सिद्धता वांत्सेलची, १८३७.

मूळ फर्मा संख्या माहीत आहेत पाचच. ३, ५, १७, २५७, ६५,५३७. तुमच्या बिजागऱ्या! त्या पाचांचा गुणाकार म्हणजे कंपास-पट्टीनं काढता येणाऱ्या, आज माहीत असलेल्या विषम बाजूंच्या आकृत्यांपैकी सगळ्यात मोठीच्या बाजू. एकूण अशा विषम आकृत्या ३१, कारण तुमच्या संख्येचे विभाजक ३२ आणि त्यातला १ सोडायचा.

आता माझी आवडती गोष्ट. मेरुप्रस्तार मांडा, ज्याला पास्कलचा त्रिकोण म्हणतात तो. १, मग १ १, मग १ २ १, मग १ ३ ३ १. प्रत्येक ओळीत विषम संख्येच्या जागी १ लिहा, सम संख्येच्या जागी ०. आता ती ओळ मशीनच्या भाषेतली संख्या म्हणून वाचा.

१ म्हणजे १
११ म्हणजे ३
१०१ म्हणजे ५
११११ म्हणजे १५
१०००१ म्हणजे १७
११००११ म्हणजे ५१
१०१०१०१ म्हणजे ८५
११११११११ म्हणजे २५५

चढत्या क्रमानं ओळीनं तुमच्या संख्येचे विभाजक येत आहेत, एकही न गाळता! बत्तिसाव्या ओळीत सलग बत्तीस एक येतात आणि तिथे तुमची शिल्लक उभी असते. मी हे पहिल्यांदा वहीच्या मागच्या पानावर करून पाहिलं तेव्हा सोळाव्या ओळीपर्यंत विश्वासच बसत नव्हता.

२५७ बाजूंची रचना रिशेलोनं १८३२ साली दिली. ६५,५३७ बाजूंच्या मागे हेर्मेस नावाचा एक गृहस्थ दहा वर्षं लागला होता. त्याचं हस्तलिखित गॉटिंगेनला जपून ठेवलं आहे. सगळ्या पाचांची मिळून कुणी काढली नाही, काढूही नये. एवढ्या बाजू झाल्या की कागदावर तो गोलच दिसणार.

---

गंमतजंमत

म्हणजे सहावी मूळ फर्मा संख्या सापडली तर ताईंचा आकडा मागे पडणार?

---

बाकीशून्य

हो. पण सापडायची चिन्हं नाहीत. ४,२९,४९,६७,२९७ ही माळेत सहावी, घातांक ३२. तिथपासून घातांक दुप्पट दुप्पट करत पार २^३२ पर्यंतच्या सगळ्या संख्या संयुक्त आहेत हे माहीत आहे. त्यातल्या दोन तर अशा की संयुक्त आहेत हे सिद्ध झालंय, पण एकही अवयव अजून हाती लागलेला नाही! फर्मा पहिल्या पाचांत बरोबर होता आणि तिथेच संपला.

---

ताळेबंद

आज सुट्टी होती, सकाळपासून बसले.

एक प्रश्न मलाच पडला होता. ऑयलरनं ६४१ काढला, पण उरलेला ६७,००,४१७ मूळ आहे कशावरून? त्याचं वर्गमूळ २,५८८ च्या आसपास. तिथवर ६४ × क + १ तपासत गेले तर बराच पसारा होईल. पण शोधताना कळलं की लुकासनं १८७८ साली ६४ च्या जागी १२८ चालतं हे दाखवलंय. मग यादी आणखी विरळ झाली. २,५८८ च्या आत १२८ × क + १ अशा मूळ संख्या फक्त पाच: २५७, ६४१, ७६९, १,१५३, १,४०९. (१,५३७ नं फसवलं. मूळच वाटते. २९ × ५३ निघाली.) २५७ तर स्वतःच माळेतली, बाकीशून्यांनी सांगितल्याप्रमाणे तिचा संबंध येत नाही. उरले चार भागाकार:

६४१ नं भागून बाकी ४४
७६९ नं बाकी १२०
१,१५३ नं बाकी ३३४
१,४०९ नं बाकी ६२२

म्हणजे ६७,००,४१७ मूळ! सदुसष्ट लाखांच्या घरातली संख्या चार भागाकारांत. कुणी पडताळून पाहा, पण मी दोनदा केलंय.

मग हाव सुटली. १ भागिले माझा आकडा, याचा दशांश कुठवर लांबतो? १७ चा आवर्ती भाग १६ अंकी असतो हे माहीत होतं (०५८८२३५२९४११७६४७). २५७ चा २५६ अंकी निघतो. मग ६५,५३७ चा ६५,५३६ अंकी आणि सगळ्यांचा मिळूनही ६५,५३६ च येणार, असा माझा अंदाज. हाताने काढणार नाही, अजून तेवढी बिघडलेली नाहीये. पण बरोबर आहे का?

---

बाकीशून्य

बरोबर. आवर्त सुरू होण्याआधी एक सुटा अंक येईल, कारण अवयवांत ५ आहे. मग ६५,५३६ अंकांचा आवर्त. १६, २५६ आणि ६५,५३६ यांचा लसावि ६५,५३६ च. चारही भागाकार मी पडताळले, बाक्या जुळल्या.

पुढचा मणी मात्र हातात घेऊ नका. २^६४ + १ मधून २,७४,१७७ हा अवयव लांद्रीनं १८८० साली काढला, वयाच्या ८२ व्या वर्षी.

---

ताळेबंद

२,७४,१७७ = २५६ × १,०७१ + १. लुकासचा नियम इथेही बसतो, आत्ताच पाहिलं.

८२ म्हणजे माझ्याकडे अजून तीस वर्षं आहेत. मोठी वही आणली आहे.

@शून्याखाली, सॉफ्टवेअरवाल्यांना कळवलं. आता शून्याखाली जायला लागलं की लाल खूण येते. काल पुन्हा एक नग जास्त पडला, खूण आली, आकडा काही आला नाही. जरा चुकल्यासारखं वाटलं.